जुन्या पेशंटांचे सैल दात

१

मोहर्लीच्या शालिकराम शेंडेंचा पुढचा दात पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या वरणात पडला, आणि तोही वाघाच्या गोष्टीच्या ऐन रंगात. ताडोब्याच्या गेटाजवळ भाऊंचं चार खोल्यांचं होमस्टे होतं आणि जेवणाबरोबर वाघ वाढायची त्यांची पद्धत होती. वाघ डरकाळी फोडतो त्या जागी भाऊंनी जबडा उघडला, आणि डरकाळीऐवजी दात बाहेर आला. पाहुण्यांची पोरगी हसून हसून खुर्चीवरून घसरली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत भाऊ चंद्रपूरला डॉ. प्रेमिला कोडापेंच्या पायरीवर हजर होते. रुमालाची गाठ सोडून त्यांनी दात टेबलावर ठेवला.

"पाहा जी बाई. दुसऱ्यांदा ढिला झाला. पह्यल्या वेळी नुसता हालत होता, आता तं पडलाच!"

"कोणी बसवला?"

"समोरच्या रीनामॅडमनं," भाऊ खाली मान घालून म्हणाले.

प्रेमिलाबाईंना आनंद झाला. भल्या माणसाच्या तोंडाला खिंडार पडलेलं पाहून डॉक्टरला आनंद व्हावा हे काही बरं नाही, पण झाला. झाकून काय उपयोग?

कारणही तसंच होतं. जटपुरा गेटकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं दातांचा एकच दवाखाना होता, तो त्यांचा. मग समोर रीना वाढई आली. काचेचं दार आलं, एसी आला, माशांची पेटी आली. पेशंट एकेक करून रस्ता ओलांडू लागले. तेही बाईंनी कसंबसं गिळलं. पण एके दिवशी नीलाबाई रस्ता ओलांडून गेली. अठरा वर्षं त्यांच्याकडे असलेली मदतनीस, सकाळी चावी आणणारी आणि संध्याकाळी दिवा मालवणारी. "उद्यापासून मी तिकडे जातो, बाई," एवढंच म्हणाली. तेव्हापासून प्रेमिलाबाईंनी खिडकीला जाड पडदा लावला होता आणि त्याच्या फटीतून दिवसातून दहादा समोर पाहत होत्या.

त्यांनी दात उचलून भिंगाखाली धरला. दात इम्प्लांटचा होता, हाडात बसवलेल्या खुंटीवर स्क्रूने आवळलेला. कॅपच्या आत स्क्रू जागच्या जागी होता. मोडलेला नाही, आटे झिजलेले नाहीत. स्क्रूचं वरचं तोंड बुजवणारं पांढरं सिमेंट रीनाच्या हातचं आणि जसंच्या तसं होतं.

"स्क्रू नंतर कोणी खोलला नाही," त्या म्हणाल्या. "मुळात घट्टच बसला नव्हता."

"मंग मी तक्रार करतो. ग्राहक मंचात जातो. तुमी साक्ष द्यान का जी?"

"आधी तिचा रेंच तपासू दे, भाऊ," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडायला निघाल्या.

२

इम्प्लांटचा स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळत नाहीत. जास्त जोर लागला तर मोडतो, कमी पडला तर काही महिन्यांत सुटतो. म्हणून टॉर्क रेंच असतो, किती जोर लागला ते दाखवणारा छोटासा पाना. नागपूरला एमडीएस करताना प्रेमिलाबाईंनी प्रबंधच या पान्यांवर लिहिला होता. वापराने आणि निर्जंतुकीकरणाच्या वाफेने ते किती झिजतात, किती खोटं बोलू लागतात, हे चंद्रपुरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. जोर मोजायचं मीटरही अख्ख्या गावात त्यांच्याचकडे होतं. ठरलेल्या जोराला खटकन सुटणारे पाने असतात. त्यांच्या पोटात गंज धरतो, स्प्रिंग थकते, आणि पाना पस्तीस सांगून पंचवीसच लावतो. रीनाकडे तसलाच एखादा म्हातारा पाना असणार, याची बाईंना खात्री होती. मनात उकळ्या फुटत होत्या.

रीना दारातच भेटली. तिशीतली, चुणचुणीत, आणि आज डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"या ना मॅडम. मीच येणार होते तुमच्याकडे. शालिकरामभाऊंचा एकच नाही. चार जणांचे दात सैल झालेत."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाची अशा वेळी पंचाईत होते. बाईंनी घसा खाकरला.

"रेंच दाखव."

रीनाने लगेच आणून दिला. बाईंचा चेहरा उतरला, कारण पाना दुसऱ्या जातीचा निघाला. त्यात पोटातली स्प्रिंग नाही की खटका नाही. बारीक पोलादी दांडी ओढली की वाकते आणि खालच्या पट्टीवरच्या आकड्यापर्यंत सरकते. हव्या आकड्यावर दांडी आली की थांबायचं. ही जात सहसा दगा देत नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नाही, अशी मनाची समजूत घालून बाई पाना घेऊन आपल्या दवाखान्यात आल्या आणि मीटरला लावून बसल्या.

दांडी पस्तीसवर, म्हणजे स्क्रूला हव्या त्या आकड्यावर, आणली. मीटर पस्तीस म्हणालं. पुन्हा केलं, पाना उलटा करून केलं, वाफेतून काढून गरम असतानाही केलं. मीटर हटून बसल्यासारखं पस्तीसच म्हणत राहिलं. पाना नव्यासारखा खरा होता.

प्रेमिलाबाई इतक्या खट्टू झाल्या की चहा थंड झाला तरी लक्ष नव्हतं. तरी बोलायचं ते बोलायलाच हवं. त्या पुन्हा रस्ता ओलांडून गेल्या आणि पाना रीनाच्या हातात ठेवला.

"यात खोट नाही."

"मला वाटलंच," रीना हळूच म्हणाली. "आता एक विचारू, मॅडम? रागवू नका. दोन वर्षांत मी इतके इम्प्लांट केले, सैल झाले ते चारच. आणि ते चौघंही आधी तुमचे पेशंट होते. असं काऊन?"

३

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते प्रेमिलाबाईंना त्या क्षणी कळलं.

"म्हणजे मी रात्री येऊन स्क्रू ढिले करते?"

"तुम्ही नाही," मागून आवाज आला. रीनाचा जोडीदार डॉक्टर, धनराज मेश्राम. उंचापुरा, जिवतीकडचा, बोलायला रोखठोक. "पण तुमची माणूस इथी आहे ना. मॅडमचा एक हात पेशंटचा गाल धरून असतो, दुसरा रेंचवर, अन् डोळे तोंडात. आकडा पाहते कोण? नीलाबाई. ती 'झालं' म्हणते, मॅडम थांबते. तिनं मुद्दाम आधीच 'झालं' म्हटलं तर?"

"आणि ती असं का करेल?"

"दात ढिले झाले का तुमचे पेशंट तुमच्याकडे वापस. आज शालिकरामभाऊ गेलेच ना सकाळी! कोणाच्या सांगण्यावरून, ते तुम्हालेच माहीत."

रीनाने त्याला गप्प केलं, पण तीही नजर देईना. "मॅडम, मला मावशींवर आळ घ्यायचा नाही. पण माझं नाव चाललंय. संध्याकाळी मी त्यांना जायला सांगणार आहे, आणि का ते डेंटल असोसिएशनला सांगावंच लागेल."

एकदा असं नाव निघालं की चंद्रपुरात कोणताही दवाखाना नीलाबाईला उभं करणार नव्हता. प्रेमिलाबाईंच्या मनात पहिला विचार काय आला? बरं झालं, सोडून गेलीस ना, भोग आता. लगेच दुसरा आला, तो त्याहून वाईट. तिने हे खरंच केलं असेल तर कोणासाठी? माझ्यासाठीच ना! आणि या विचाराने बाईंच्या छातीत एक ऊब पसरली. आपल्यासाठी कोणी गुन्हा केला असावा, अशी आशा धरणारी बाई किती जळलेली असेल, विचार करा.

"संध्याकाळपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "मला दोघांशी बोलू दे."

४

आधी त्यांनी धनराजला धरलं. खरं सांगायचं तर तोच चोर निघावा असं त्यांना वाटत होतं.

"दारावरच्या पाटीवर तुझं नाव नाही."

"नाही. म्हणून मी दात ढिले करतो?" तो कडवट हसला. "राग येतो, मॅडम. खोटं काऊन बोलू? पेशंट येते तो रीनामॅडम पाहिजे म्हणते. मी तिच्यापेक्षा कमी नाही. पण तिचा दवाखाना बुडाला तर मी कुठी जाऊ, जिवतीच्या पहाडावर ज्वारी पेराले?"

"तू कोणता रेंच वापरतोस?"

"हाच. एकच आहे. माझा एकही दात सैल झाला नाही. कारण मी आकडा स्वतः पाहतो, मान वाकडी करून का होईना."

"रीना काम करते तेव्हा तू आत असतोस?"

"तिनं बोलावलं तर ना!" तो म्हणाला, आणि त्या चार शब्दांत इतकी जळजळ होती की बाईंना तो एकदम आपल्या नात्यातला वाटला.

तो सुटला. नंतर गुपचूप स्क्रू ढिला करायला सिमेंट फोडावं लागलं असतं, आणि भाऊंच्या दातावरचं सिमेंट अभंग होतं. बाकी तिघांचंही तसंच होतं म्हणून रीना सांगत होती. म्हणजे जे घडलं ते स्क्रू आवळताना, त्या एका क्षणात घडलं. आणि त्या क्षणी खोलीत तिघंच असायची. पेशंट, रीना, आणि आकडा पाहणारी नीलाबाई.

५

नीलाबाई मागच्या खोलीत अवजारं घासत होती. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, नुसते डोळे दिसत होते. ते प्रेमिलाबाईंना पाहून आधी चमकले आणि मग सावध झाले.

"बसा जी बाई."

"बसायला नाही आले. चौघांचे दात सैल झाले, तुला माहीत आहे?"

"माहीत हाय. अन् धनराजभाऊ काय बोलून राह्यले तेबी माहीत हाय. भिंती पातळ हायेत इथल्या." तिने ब्रश खाली ठेवला. "तुमालेबी तसंच वाटते काय?"

"मला काही वाटत नाही. मी विचारते आहे. आकडा नीट दिसतो तुला?"

"चष्मा नवा हाय. पस्तीसवर काडी आली का मी 'झालं' म्हणतो. एक केस अलीकडे नाई का पलीकडे नाई. देवाशपथ सांगतो, बाई."

ती खोटं बोलत नव्हती. अठरा वर्षांत तिचं खोटं बाईंनी एकदाच ऐकलं होतं, नवरा दारू पीत नाही असं सांगताना, आणि तेव्हा तिचा आवाज फाटला होता. आज आवाज सरळ होता. पाना खरा, आकडा खरा, नीलाबाई खरी, तरी दात सैल! बाईंच्या डोक्याचा भुगा झाला.

"माझे पेशंट इकडे किती आले?" त्यांनी विचारलं. विचारताना पोटात दुखलंच.

"इम्प्लांटवाले पाच. शालिकरामभाऊ, ते तिघं, अन् भामरागडचे देवाजी."

"देवाजीचा दात?"

"त्याइचा पक्का हाय. मागच्या बाजारालेच आले होते, चणे फोडून दाखोले मले." नीलाबाईचे डोळे हसले. "बायको संगं होती. ते काय नवऱ्याले एकटं सोडते? दात बसवाच्या दिवशी तं अशी खेटून बसली होती का मले जागाच नाई. मी जवळ गेली तं असी पाह्यलं माझ्याकडे, जसी मी तिचा नवराच पळवून नेऊन राह्यली! मी आपली मुकाट्यानं मॅडमच्या मागं जाऊन उभी राह्यली."

बाई पण हसल्या. भामरागडच्या त्या बाईचा संशयी स्वभाव त्यांना चांगला ठाऊक होता. हसत हसत त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच खिळल्या.

पाच जणांत एकाचाच दात पक्का, आणि त्याचीच बायको तेवढी जळकी.

त्यांनी तिथूनच शालिकरामभाऊंना फोन लावला आणि दोन प्रश्न विचारले. उत्तरं ऐकून फोन पर्समध्ये टाकला, थेट रीनाच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "रीना, मी तुझ्या खुर्चीत बसते. मला पेशंट समज. नीलाबाईला बोलाव, पण का ते सांगू नकोस."

६

संध्याकाळी खुर्ची मागे झुकली. प्रेमिलाबाईंनी मीटर हनुवटीजवळ एका हाताने घट्ट धरलं होतं, वर रुमाल टाकून त्याचा आकडा इतरांपासून झाकला होता. रीना नेहमीप्रमाणे उजव्या बाजूला बसली आणि पाना मीटरला लावला. धनराज दाराशी हाताची घडी घालून उभा होता.

"नेहमी करतेस तसंच कर, नीलाबाई," प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि घाबरलेल्या पेशंटसारखे डोळे मिटून घेतले.

मग चाकांचा आवाज आला. नीलाबाईने आपलं बुटकं स्टूल ओढलं, डाव्या बाजूला येऊन बसली, आणि बाईंचा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"भेऊ नका जी. आता होते," ती सवयीने पुटपुटली. रीना पाना स्वतःकडे ओढू लागली. "झालं!"

रीना थांबली. प्रेमिलाबाईंनी रुमाल काढून मीटर धनराजकडे वळवलं. त्यावर सव्वीस होतं.

"पाह्यलं?" धनराज उसळला. "म्हटलं होतं ना मी!"

"तोंड बंद ठेव. नीलाबाई, आता रीनाच्या मागे जाऊन उभी राहा आणि तिच्या खांद्यावरून पाहा."

ती गोंधळून गेली. हात सोडला तेव्हा प्रेमिलाबाईंना तो एकदम गार वाटला. पुन्हा "झालं" आलं, पुन्हा मीटर वळलं. या वेळी पस्तीस.

"आकडे पट्टीवर आहेत," बाई उठून बसल्या, "आणि वाकणारी दांडी पट्टीच्या वर, मधे फट. समोरून पाहिलं तर दांडी जिथे आहे तिथेच दिसते. पण डावीकडून, तेही खालून तिरपं पाहिलं, तर ती उजवीकडे, पुढच्या आकड्यावर गेल्यासारखी दिसते. स्कूटरवर मागे बसून डाव्या खांद्यावरून पेट्रोलचा काटा पाहून बघ, टाकी भरलेली वाटेल. नीलाबाईला पस्तीसच दिसत होतं. ती खरंच सांगत होती."

"पण मग बाकीच्यांचे दात?" रीनाने विचारलं. "नव्या पेशंटांचे पक्के कसे?"

"अनोळखी माणसाचा हात कोण धरतं? त्यांच्या वेळी ती तुझ्या मागे उभी असते. माझे पेशंट तिच्या ओळखीचे. त्यांच्या पोराबाळांची नावं तिला ठाऊक. ते खुर्चीत बसले की ती डावीकडे येऊन हात धरते. शालिकरामभाऊंनी आत्ताच फोनवर सांगितलं, दोन्ही वेळा नीलाबाई हात धरून बसली होती म्हणून. माझ्याकडेही ती हेच करायची, पण आकडा मी स्वतः पाहायची, म्हणून बिघडलं नाही. राहिला देवाजी. त्याच्या बायकोने दुसऱ्या बाईला हात लावू दिला नाही, म्हणून त्याचा दात वाचला."

धनराज मोठ्याने हसला आणि मग जीभ चावून त्याने नीलाबाईपुढे हात जोडले. रीनाने तर तिला मिठीच मारली. "मावशी, माफ करा मला," म्हणत ती रडायलाच लागली. प्रेमिलाबाई खुर्चीतून हे पाहत होत्या. आता खरं ते सांगायला हवं. आपण नीलाबाईला वाचवलं याचा आनंद त्यांना झाला, पण ती मिठी पाहून झालेली आग त्याहून मोठी होती.

७

फोनवरच बोलावून घेतलेले शालिकरामभाऊ बाहेर माशांच्या पेटीसमोर बसले होते. तक्रारीचं विसरा, दात आत्ता पक्का करून देते, असं रीनाने म्हटल्यावर ते लगेच खुर्चीत येऊन बसले. नीलाबाई रीनाच्या मागे उभी राहिली. भाऊंनी सवयीने डावा हात लांब केला, आणि तो हवेतच राहिला.

"मंग माझा हात कोण धरन जी?"

प्रेमिलाबाईच पुढे झाल्या, स्टुलावर बसल्या आणि भाऊंचा हात धरला. कसा धरायचा ते त्यांना नीट येईना. भाऊंनीच त्यांची बोटं सारखी केली. "झालं!" नीलाबाई म्हणाली, आणि भाऊंनी त्याच दमात खोलीभर डरकाळी फोडून पाहिली. दात हलला नाही.

भाऊ गेल्यावर प्रेमिलाबाई पर्स उचलायला वाकल्या, पण उचलली नाही. मनात होतं ते तोंडातून सुटलंच.

"रीना, नीलाबाईला मला परत दे."

रीना चपापली. "मावशींना विचारा, मॅडम. मी कोण देणारी?"

"मी काय सिलेंडर हाओ जी," नीलाबाई म्हणाली, "इकडून उचललं अन् तिकडे ठेवलं?" स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू फुटलं. तिने मास्क खाली ओढला आणि तोंड उघडून, मान मागे टाकून खदाखदा हसली.

प्रेमिलाबाईंनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आणि मग त्यांना वरच्या ओळीतला तो दात दिसला. शेजारच्या दातांपेक्षा किंचित जास्त पांढरा. कसबी डोळ्याला क्षणात ओळखू यावा असा.

"हा इम्प्लांट आहे," त्या म्हणाल्या. "कधी बसवला?"

"इथी आल्या आल्या. मॅडमनं पह्यल्याच दिवशी इचारलं, मावशी, इथला दात कुठी गेला?"

"माझ्याकडे असताना पडला होता?"

"तुमच्याकडे आली तवाच नव्हता, बाई. हसू आलं का मी तोंडाले पदर लावो."

पान्याच्या पोटातला गंज नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या प्रेमिलाबाई अठरा वर्षं त्या पदराकडे पाहत होत्या. त्यांना वाटायचं, नीलाबाई लाजाळू आहे.

"सांगितलं का नाहीस मला?"

राग नव्हता नीलाबाईच्या तोंडावर, असता तर बरं झालं असतं.

"तुमी दाताच्या डॉक्टर, बाई. म्हटलं, दिसत असन."

रीना मान वळवून उगाच पाना पुसत राहिली. प्रेमिलाबाईंनी पर्स खाली ठेवली, बेसिनवर हात धुतले आणि नीलाबाईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आ कर," त्या म्हणाल्या. "पाहू दे."

नीलाबाईने तोंड उघडलं. बाईंनी बोटाने दात दाबून पाहिला, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. बराच वेळ पाहत होत्या.

"चांगला बसवलाय," त्या रीनाकडे न पाहता म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून आपल्या दवाखान्यात गेल्या.